जमेची बाजू : सणवार आणि मनाचा हिशेब

देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्या दप्तरात हिशेबाचे काम सांभाळणारा पैठणचा एक तरुण शिष्य एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर दिव्यापुढे बसून राहिला आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठला, ही एकनाथांची कथा मराठवाड्यातील बहुतेक घरांत मुलांना सांगितली जाते. परंतु सांगणारा बहुधा शेवटाकडे, म्हणजे एका पैच्या शोधात एवढा आनंद तर संसाराची मूळ चूक उमगल्यावर किती होईल या गुरूच्या बोधाकडे, घाईने वळतो आणि त्या रात्रीकडे त्याचे लक्ष जात नाही. वस्तुतः ती रात्र पाहण्यासारखी आहे. एका पैने राज्य बुडत नाही असे म्हणून त्या तरुणाने वही मिटली नाही. तसेच एक रक्कम जुळत नाही म्हणून सारा जमाखर्चच खोटा ठरला, असा आक्रोशही त्याने केला नाही. चूक आहे हे त्याने कबूल केले, ती सापडण्यासारखी आहे असे धरले आणि रकाने पुन्हा तपासावयास घेतले. सकारात्मक विचार म्हणून जी काही गोष्ट या जगात असेल ती मला या तीन कृतींत सामावलेली दिसते.

हल्ली मात्र या नावाखाली जो माल खपतो त्याची जात वेगळी आहे. न्यूयॉर्कचे धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे 'द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग' हे पुस्तक १९५२ साली निघाले, त्याचा खप प्रचंड झाला, आणि तेव्हापासून मनात चांगले चित्र रंगवावे म्हणजे ते प्रत्यक्षात उतरते ही समजूत देशोदेशी पसरत पसरत आपल्याकडच्या सकाळच्या सुप्रभात-संदेशांपर्यंत येऊन पोहोचली. पहाटे साडेपाचला भ्रमणध्वनीवर येणारे गुलाबाचे फूल आणि त्याखालचे सुवचन यांनी कुणाचे अहित होत असेल असे मी म्हणणार नाही. पण ज्याची नोकरी गेली आहे, ज्याच्या कपाशीवर बोंडअळी पडली आहे, त्याला 'वाईट विचार मनात आणूच नका' असे सांगणे म्हणजे वहीतील नावेची बाजू फाडून टाका आणि शिल्लक मोजा, असे सांगण्यासारखे आहे. गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्राच्या अभ्यासिकेने अनेक वर्षांच्या प्रयोगांतून असे दाखविले की, यशाची नुसती गोड स्वप्ने रंगविणारी माणसे ती न रंगविणाऱ्यांपेक्षा कमी प्रयत्न करतात. वजन उतरविण्याच्या कार्यक्रमात दाखल झालेल्या ज्या स्त्रियांनी आपल्या सडपातळ रूपाची मोहक चित्रे मनाशी रंगविली होती, त्यांचे वजन इतरांहून कमी उतरले. मन स्वप्नातच समाधान पावते आणि हातपाय सैल सोडते, हे त्यामागचे कारण. इच्छा आणि तिच्या आड येणारी अडचण ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवून विचार केला तरच मनुष्य कामाला लागतो, असा तिचा निष्कर्ष आहे.

आपले सणवार मला या कामी अधिक भरवशाचे गुरू वाटतात, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. तिथी कधी तुमच्या मनाची स्थिती विचारून उगवत नाही. मन प्रसन्न असो की खिन्न, अमुक दिवशी उंबरठा धुवावयाचा, तमुक दिवशी पुरण शिजवावयाचे, संध्याकाळी चार घरी जावयाचे, असा हुकूम पंचांगाने आधीच काढून ठेवलेला असतो. मनुष्य प्रथम अनिच्छेने उठतो, हात कामाला लागतात, आणि मन मागाहून, थोडे लाजत, त्या हातांच्या पाठीमागे येते. चांगला विचार करा असे आपला कोणताही सण म्हणत नाही. तो एक लहानसे, ठरलेले, हातांनी करावयाचे काम नेमून देतो. म्हणून सणांपासून मनाला बळ मिळवावयाचे असेल, तर सणाच्या दिवशी कोणते विचार करावेत याची चिंता सोडून कोणते काम आपण स्वतःच्या हाताने करणार, हे आधी मुकर्रर करावे. काम एकच असले तरी चालेल; ते विकत आणलेले नसावे आणि दुसऱ्यावर सोपविलेले नसावे.

उदाहरणादाखल महालक्ष्म्या घ्या. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या होत. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. आदल्या दिवशी माळ्यावरची पेटी खाली उतरते, कापसात गुंडाळलेले पितळी मुखवटे चिंचेने घासून उजळले जातात, कोठ्यांवर साड्या नेसविताना निऱ्यांसाठी टाचण्या कमी पडतात आणि कुणीतरी धावत गल्लीतल्या दुकानात जाते. मग दारापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावले उमटतात, दोघीजणी मुखवटे हातात घेऊन उंबऱ्यावर उभ्या राहतात, ताटावर चमचा वाजतो, 'कोण आली?' 'महालक्ष्मी आली' अशी प्रश्नोत्तरे होतात, आणि त्या पाहुण्यांना घरात बसविण्यापूर्वी सारे घर दाखविले जाते : हे स्वयंपाकघर, हे धान्याचे कोठार, ही तिजोरी, ही मुलांची अभ्यासाची जागा. या फेरीतच साऱ्या सणाचे मर्म आहे, असे माझे मत आहे. मराठवाड्यात कोठार रिकामे असण्याची वर्षे थोडी गेलेली नाहीत. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याचे वर्णन करून सांगावे लागत नाही. तथापि कोठार रिकामे म्हणून पाहुण्यांना तिकडे नेले नाही, असे कुणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. रिकामी कणगीही दाखविली जाते, तिच्यावरही हळदकुंकू वाहिले जाते, आणि मग ती भरो अशी इच्छा केली जाते. म्हणजे ओटिंगेनबाई ज्या दोन गोष्टी शेजारी ठेवा म्हणतात, त्या आमच्या आज्या कोणताही प्रबंध न वाचता ठेवीत आल्या.

ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसत नाहीत त्यांनीही वर्षातून एक दिवस अशी फेरी घालावी. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घराला त्यासाठी पाव तास पुरेल. प्रत्येक जागी क्षणभर थांबून इथे काय आहे आणि काय नाही हे मोठ्याने, घरातल्या सर्वांसमक्ष सांगावे. औषधांच्या खणापाशी आलात तर आजाराचे नाव घ्या, आणि तो ज्याच्यामुळे सुसह्य झाला त्या माणसाचेही घ्या. मुलांना ही फेरी फार आवडते. त्यांच्या तोंडून अशा काही गोष्टी जमेला येतात की ज्या वडीलधाऱ्यांच्या हिशेबात कधीच आलेल्या नसतात. मात्र ही फेरी रोज घालू नका. कॅलिफोर्नियातील सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले होते की, आपल्याला लाभलेल्या चांगल्या गोष्टींची नोंद आठवड्यातून एकदा करणाऱ्यांचे समाधान वाढले, आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांचे वाढले नाही. कृतज्ञतेचीही सवय जडली की ती हजेरीपटावरच्या सहीसारखी होते. सण विरळा येतो, यात त्याचे अर्धे सामर्थ्य आहे.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण सणांचे माहात्म्य गाणारे लेखक तिच्यावर हटकून पांघरूण घालतात. सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, आंबील आणि वर टांगावयाचा फुलोरा हे सारे करणारी स्त्री तीन दिवस चुलीपाशी उभी असते आणि सणाच्या पावित्र्यावर भाष्य करणारे पुरुष बाहेर खुर्चीवर बसलेले असतात, अशी वहिवाट कित्येक घरांत आजही चालू आहे. ज्या सणानंतर घरातील एका व्यक्तीला ताप भरतो त्या सणाने घरात शुभ विचार आणले, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. तेव्हा कामाची वाटणी सणाच्या आठ दिवस आधी कागदावर लिहून भिंतीला लावा. पुरण वाटणे, भांडी घासणे आणि दिंड्याची पाने आणणे यांसाठी जानवे किंवा मंगळसूत्र यांची अट नाही. सोळाऐवजी पाच भाज्या केल्याने महालक्ष्मी परत गेल्याचा दाखला कोणत्याही ग्रंथात नाही.

दिवाळीची गोष्ट याहून उघड आहे, कारण तो सण वहीचाच आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवर आणि जुन्या मोंढ्यात लक्ष्मीपूजनाला नवी वही मांडण्याची प्रथा अद्याप आहे; शेजारी संगणकाचा कळफलकही हळदकुंकू लावून घेतो, आणि त्यात विसंगत असे काही नाही. व्यापाऱ्याला नवी वही उघडण्यापूर्वी जुनीतली येणी आणि देणी ओढून आणावी लागतात. सामान्य माणसाने हेच आपल्या माणसांच्या बाबतीत करून पाहावे. धनत्रयोदशीच्या आधी एका कागदावर दोन रकाने आखावेत. एकात आपण ज्यांचे देणे लागतो ते लिहावे, पैशाचे असो, परत न केलेल्या पुस्तकाचे असो, किंवा न केलेल्या दूरध्वनीचे असो. दुसऱ्यात आपल्याला लोकांकडून येणे आहे असे आपण ज्या गोष्टींबद्दल मानतो, त्या लिहाव्यात. पहिल्या रकान्यातील जेवढी फेडता येतील तेवढी देणी पाडव्यापूर्वी फेडावीत. दुसऱ्या रकान्यातील जी वसुली आता होण्यासारखी नाही ती बुडीत खाती टाकावी. भावाने पंधरा वर्षांपूर्वी लग्नात मान दिला नाही, ही बाकी दर दिवाळीला पुढे ओढण्यात व्याजासकट नुकसान आपलेच असते. मनातील अढी सोडा, असा उपदेश ऐकून अढी सुटत नाही. पण कागदावर ती बाकी लिहून तिच्यापुढे 'बुडीत' हा शब्द स्वहस्ते लिहिला की पुष्कळ वेळा सुटते. भाऊबीजेला त्या घरी जाऊन यावे, म्हणजे नोंद पक्की होते.

दिवाळीच्याच ओघात पाण्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. उशाला जायकवाडीचा नाथसागर असूनही या शहरातील कित्येक वस्त्यांना अनेक वर्षे नळाच्या पाण्यासाठी आठवडा आठवडा वाट पाहावी लागली, आणि नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी पिंपे कधी भरावीत याचा बेत लोकांना चार दिवस आधी आखावा लागला. ज्या नगरात सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने डोंगरातून नहर आणून पाण्याचा बंदोबस्त केला, त्या नगरावर ही पाळी यावी याबद्दल संताप येणे योग्यच आहे. सकारात्मक विचार याचा अर्थ हा संताप गिळणे असा कुणी सांगू लागला तर त्याचे ऐकू नका. तक्रारीचा अर्ज लिहावा, वस्तीतल्या लोकांच्या सह्या घ्याव्यात, तो संबंधित कचेरीत देऊन पोच घ्यावी, आणि मग घरी येऊन उपलब्ध पाण्यात उटणे लावून स्नान करावे. दोन्ही कामे एकाच दिवशी एकाच माणसाला करता येतात.

कर्ज काढून सण करू नये, हे वाक्य इतक्यांनी इतक्यांदा सांगितले आहे की ते आता ऐकू येत नाही. म्हणून मी अधिक मासाचे उदाहरण देतो. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी सुमारे अकरा दिवसांची तूट पडते आणि ती साचली की बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पंचांग एक महिना जादा घालून मेळ बसविते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. हिशेबातील तूट लपवून न ठेवता ती उघडपणे मांडून भरून काढणारी आणि त्या भरपाईच्या महिन्याला पुरुषोत्तमाचे नाव देणारी ही योजना मला फार थोर वाटते. पण आमच्या भागात तोच धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालावयाचे, तेहतीस अनारसे द्यावयाचे, इथपर्यंत सारे गोड आहे. त्यापुढे चांदीचे ताट, जावयाची अंगठी, व्याह्यांचा पोशाख अशी यादी वाढत जाते आणि तूट भरून काढणाऱ्या महिन्यातच बापाच्या घरी नवी तूट निर्माण होते. जावयांनी या बाबतीत पुढाकार घ्यावा. 'आम्ही जेवायला येतो, धोंडे भरपूर करा, बाकी काही घेणार नाही' असे त्यांनी स्वतः आधी कळवावे; सासऱ्याला हे सुचविता येत नाही.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत खंडेनवमीला यंत्रे पुसून, तेलपाणी करून, त्यांना झेंडूच्या माळा घालतात. वर्षभर ज्या यंत्राचा आवाज नकोसा वाटतो त्याच्याकडे एक दिवस न चालविता पाहावयाचे, त्याची सैल झालेली मळसूत्रे आवळावयाची. शेतकरी पोळ्याला बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतो त्यातलीच ही रीत. जे शिक्षक आहेत, कारकून आहेत, त्यांनी आपले टेबल त्या दिवशी रिकामे करून पुसावे. याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही.

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीकडे जी माणसांची रांग निघते ती एकदा तरी पाहावी, शक्य तर तीत सामील व्हावे. दौलताबादच्या किल्ल्याखालून घाट चढून, सूफी संतांच्या दर्ग्यांच्या त्या प्राचीन गावात, निद्रिस्त मारुतीच्या दर्शनाला हजारो माणसे पायी जातात. वाटेत लोक पाणी आणि चहा घेऊन उभे असतात. त्या रांगेत नवस बोललेले असतात, परीक्षेत नापास झालेले असतात, नुसतेच मित्रांच्या नादाने आलेले असतात, आणि पहाटेपर्यंत सर्वांच्या पायांची अवस्था सारखीच होते. दुःख झाले म्हणून मनुष्य रडतो असे नसून रडतो म्हणून त्याला दुःख होते, असे एक मत अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले होते. ते मत संपूर्ण खरे नसेल. पण मन खचलेले असताना बसून विचार करण्यापेक्षा चालावयास लागणे हिताचे, एवढे त्यात निश्चित खरे आहे. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ते वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला चालत जातात. देव जवळ आहे म्हणून कुणी ते अंतर वाहनाने तोडावे, तर त्याला दर्शन मिळेल. चालण्याचा लाभ मात्र मिळणार नाही. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी या वाटेवर पाण्याचा माठ घेऊन बसावे. त्या कामाची योग्यता तिळमात्र कमी नाही.

आता सर्वांत कठीण प्रसंगाकडे येतो. पैठणची नाथषष्ठी हा फाल्गुन वद्य षष्ठीचा उत्सव एकनाथांच्या समाधीचा, म्हणजे इसवी सन १५९९ मधील त्यांच्या देहत्यागाचा आहे. परंपरा असे सांगते की, जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला अनुग्रह, गुरुशिष्यांची पहिली भेट आणि दोघांचीही समाधी या पाचही घटना याच तिथीच्या; म्हणून त्या दिवसाला पंचपर्व म्हणतात. गोदेच्या वाळवंटात दिंड्या येऊन उतरतात आणि अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी काल्याची दहीहंडी फुटून उत्सव संपतो. भेट आणि वियोग एकाच तारखेखाली नोंदवून त्या उत्सवात लाह्या-दह्याचा काला वाटून खाणे ही गोष्ट आमच्या लोकांनी चार शतके सांभाळली आहे. पण हे संतांच्या बाबतीत सोपे जाते. आपल्याच घरातील माणूस गेलेले असते, भिंतीवरच्या छायाचित्राला हार घातलेला असतो, आणि त्या वर्षीची दिवाळी उंबरठ्यावर येऊन उभी राहते, तेव्हा या घरी आनंदाने राहा असे सांगणे निर्दयपणाचे आहे, आणि यंदा तुम्हांला सण नाही असे म्हणून त्यांना वर्षभर अंधारात सोडून देणे हेही तितकेच निर्दयपणाचे आहे.

जुन्या रीतीने यावर एक तोड काढली होती. मृत्यूनंतरच्या पहिल्या सणाला नातलग आणि शेजारी त्या घरी जात, आपल्या घरचे अन्न नेत, आणि दुःखाने बसलेल्या माणसांना स्वतः आग्रह करून गोड घास भरवीत. तिथे उपदेश कुणी करीत नसे. आज आपण असल्या घरी 'काळजी घ्या' असा संदेश पाठवितो आणि सणाच्या दिवशी त्यांना त्रास नको म्हणून जात नाही; वास्तविक तो त्रास टाळलेला असतो तो आपला. तेव्हा येत्या सणाला आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीत असे घर कोणते आहे ते आधी आठवा. आपल्याकडे जे शिजेल त्यातले डब्यात भरून दुपारी त्या घरी जा, 'येऊ का' असे विचारू नका, ताटे त्यांच्याच मांडणीतून काढून घ्या आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसा. गेलेल्या माणसाचा विषय निघाला तर तो बदलू नका. निघताना डबा तिथेच ठेवून या, म्हणजे तो परत देण्याच्या निमित्ताने त्यांना चार दिवसांनी घराबाहेर पडावे लागेल.